बालवयातला स्कोलिओसिस, केसपेपरपासून कोडपर्यंत: प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

९ जून २०२५

लातूर–अंबाजोगाई पट्ट्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाकडे १८ वर्षांखालच्या मुलांचे पाठीच्या बाकाचे (स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वळणं) कागद साठले आहेत. ते एका नोंदसंचात आणायचे आणि प्रत्येक भेटीला आजाराचा कोड लावायचा, एवढं काम. कागद तीन जातींचे आहेत: ओपीडीचे केसपेपर, आयपीडीच्या फायली आणि शाळा-अंगणवाडी तपासणीतून आलेल्या संदर्भ-चिठ्ठ्या. जुन्या नोंदी श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून निदानाची ओळ कन्व्हर्टरवर सोडायची नाही, हाताने टाइप करायची.

मुख्य कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या वर्गीकरणाच्या पुस्तकाचा. रुग्णालयाचे अहवाल त्याच पुस्तकावर जातात. पण कोडिंगला बसलेली बरीच मुलं संभाजीनगरच्या क्लासमधून अमेरिकी कामासाठी तयार झालेली आहेत आणि त्यांचा हात आयसीडी-१०-सीएमवर, म्हणजे त्या पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीवर बसलेला आहे. त्यामुळे दोन रकाने ठेवतोय, ‘डब्ल्यूएचओ’ आणि ‘सीएम’. पहिला भरल्याशिवाय दुसरा उघडणार नाही. प्रणालीत कोडचं अक्षर रोमनच राहील. या वहीत वाचायला सोपं म्हणून एम४१.१ असं देवनागरीत लिहितोय.

१२ जून

दोन्ही पुस्तकांत स्कोलिओसिस एम४१ मध्येच आहे आणि घोळाचं मूळही तेच. कोड दिसायला सारखा, अर्थ वेगळा.

डब्ल्यूएचओच्या पुस्तकात एम४१.० म्हणजे शिशुवयातला इडिओपॅथिक (कारण न सापडलेला), एम४१.१ म्हणजे बालवयातला इडिओपॅथिक. किशोरवयातला स्कोलिओसिस याच एम४१.१ खाली समाविष्ट आहे, त्याला वेगळं घर नाही. पुढचा पाचवा अंक जागेचा: ० अनेक जागा, १ कवटी व पहिले दोन मणके, २ मान, ३ मान-छाती, ४ छाती, ५ छाती-कंबर, ६ कंबर, ७ कंबर-त्रिक, ८ त्रिक, ९ जागा नमूद नाही. म्हणजे डब्ल्यूएचओचा एम४१.१२ हा मानेतला बालवयीन किंवा किशोरवयीन स्कोलिओसिस.

सीएममध्ये तोच एम४१.१२ हा किशोरवयीन गटाचा फक्त मथळा आहे. सहावा अंक जोडल्याशिवाय तो चालतच नाही. छातीतला किशोरवयीन बाक तिथे एम४१.१२४, छातीतला बालवयीन एम४१.११४. एका संगणकावरच्या नोंदी दुसऱ्या पुस्तकाच्या नजरेने वाचल्या, की किशोरवयीन मुलींच्या बाकाचं रूपांतर मानेच्या बाकात होतं. मानेतला इडिओपॅथिक बाक ओपीडीत क्वचित दिसतो, त्यामुळे यादीत एकदम मानेच्या केसेस वाढल्या तर आजार शोधायच्या आधी रकाना तपासायचा.

दुसरा सापळा शून्याचा. डब्ल्यूएचओत शेवटचा ० म्हणजे ‘अनेक जागा’. सीएमच्या एम४१.००, एम४१.३०, एम४१.४०, एम४१.५० मध्ये तोच ० म्हणजे ‘जागा नमूद नाही’. अर्थ जवळजवळ उलटा: एकीकडे डॉक्टरांनी नीट पाहून दोन बाक सांगितलेत, दुसरीकडे काहीच सांगितलेलं नाही. सीएममध्ये या गटांना ‘अनेक जागा’ असा कोड नाही, म्हणून तिथे प्रत्येक जागेचा कोड स्वतंत्र द्यायचा. छातीत आणि कंबरेत असे दोन रचनात्मक (बाजूला वाकवूनही सरळ न होणारे) बाक असलेल्या किशोरवयीन मुलीला डब्ल्यूएचओत एम४१.१०, सीएममध्ये एम४१.१२४ आणि एम४१.१२६ दोन्ही.

उपाय साधा आहे. प्रत्येक कोडपुढे पुस्तकाची खूण सक्तीची केली. खूण नसलेला कोड साठवताच येणार नाही.

१९ जून

वय. केसपेपरवर भेटीच्या दिवशीचं वय असतं, कोडला लागतं ते बाक पहिल्यांदा निदान झाला तेव्हाचं. सातव्या वर्षी बाक सापडलेली मुलगी चौदाव्या वर्षी ओपीडीत आली तरी सीएममध्ये ती एम४१.११ गटातच राहते. वाढदिवसाबरोबर कोड बदलत नाही.

वयाच्या सीमा पुस्तकागणिक थोड्या सरकतात, म्हणून आमच्या नोंदसंचापुरतं पक्कं केलं: ३ वर्षांपर्यंत शिशुवयीन, ४ ते ९ बालवयीन, १० ते १८ किशोरवयीन. दहाव्या वर्षाआधी सुरू झालेल्या सगळ्यांना सर्जन ‘अर्ली ऑनसेट’ म्हणतात. त्या नावाचा वेगळा कोड आयसीडी-१० मध्ये नाही, तो रकाना आपण ठेवायचा. डब्ल्यूएचओत बालवयीन आणि किशोरवयीन एकाच कोडखाली येत असल्याने निदानाच्या वेळचं वय हाच त्यांना वेगळं करणारा एकमेव धागा उरतो. तो रकाना रिकामा राहिला तर नंतर कुठल्याही कोडमधून तो परत मिळत नाही.

पहिलं निदान दुसरीकडे झालं असेल तर पालकांकडून जुना एक्स-रे किंवा चिठ्ठी मागायची. काहीच नसेल तर ‘आईच्या सांगण्यावरून’ अशी खूण करून वय घालायचं. आया सहसा अचूक सांगतात, कारण आंघोळ घालताना किंवा गणवेशाच्या मापाला खांदा उतरलेला त्यांनाच आधी दिसतो. मुलगी स्वतःहून आंघोळ करायला लागली की मात्र बाक बराच काळ कुणाच्या नजरेला पडत नाही, तेव्हा ‘दिसला तेव्हाचं वय’ आणि ‘सुरू झाला तेव्हाचं वय’ एकच समजू नये.

२७ जून

जागेचा अंक कुठून घ्यायचा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

केसपेपरवर सहसा बाकाची दोन टोकं लिहिलेली असतात: ‘टी५ ते एल१’ (सी म्हणजे मानेचे मणके, टी छातीचे, एल कंबरेचे). कोडिंग करणारा टी आणि एल दोन्ही पाहतो आणि ‘छाती-कंबर’ ठरवतो. चूक. जागा ठरते ती शिखराच्या मणक्यावरून, म्हणजे मधल्या रेषेपासून सगळ्यात बाहेर सरकलेल्या मणक्यावरून किंवा चकतीवरून. शिखर टी२ पासून टी११-१२ च्या चकतीपर्यंत असेल तर बाक छातीचा. टी१२, टी१२-एल१ ची चकती किंवा एल१ वर असेल तर छाती-कंबरेचा. एल१-२ च्या चकतीपासून खाली असेल तर कंबरेचा. सी७-टी१ च्या आसपास असेल तर मान-छातीचा.

सरावासाठी रचलेले नमुने, भिंतीवर लावायला:

टी५ ते एल१, शिखर टी९, उजवीकडे फुगीर, ३४ अंश, मुलगी, निदानाच्या वेळी १२ वर्षं. डब्ल्यूएचओ एम४१.१४, सीएम एम४१.१२४.

टी१० ते एल३, शिखर टी१२-एल१ ची चकती, डावीकडे फुगीर, २८ अंश, निदानाच्या वेळी ८ वर्षं. डब्ल्यूएचओ एम४१.१५, सीएम एम४१.११५.

टी६ ते टी१२ शिखर टी९, आणि खाली टी१२ ते एल४ शिखर एल२, पण बाजूला वाकवून घेतलेल्या एक्स-रेत खालचा बाक २५ अंशांच्या खाली सरळ होतो. इथे खालचा बाक भरपाईचा, म्हणजे वरच्या बाकाला तोल देण्यापुरता आहे, रचनात्मक नाही. डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर एकच जागा, छाती. लिहिलेलं नसेल तर कोडरने स्वतः ठरवायचं नाही, डॉक्टरांना शंका-चिठ्ठी पाठवायची.

फुगीर बाजू कोडमध्ये कुठेच येत नाही. तरी ती नोंदायचीच. किशोरवयीन इडिओपॅथिक बाक छातीत बहुधा उजवीकडे फुगतो. डावीकडे फुगलेला असेल तर मज्जारज्जूत काही आहे का म्हणून एमआरआयचा विचार होतो. ती एक बाजू लिहायची राहिली तर एमआरआय का काढला याचं कारण फाइलमध्ये सापडत नाही, आणि क्लेमच्या वेळी नेमकं तेच विचारलं जातं.

बाजू उलटी पडायचं एक कारण फिल्म लावण्याच्या पद्धतीत आहे. मणक्याचे सर्जन फिल्म पाठीमागून पाहिल्यासारखी लावतात, रुग्णाचा उजवा हात पडद्याच्या उजवीकडे. रेडिओलॉजीत फिल्म समोरून पाहिल्यासारखी असते. एकाच मुलीच्या दोन अहवालांत ‘उजवा’ आणि ‘डावा’ आला की आधी बाजूचा मार्कर आणि हृदयाची सावली पाहायची.

मुलाला बरगड्यांच्या अकरा किंवा तेरा जोड्या असतील तर मणक्यांचे क्रमांक हलतात. वरून मोजले की खालून, हे एका शब्दात लिहून घ्यायचं.

८ जुलै

एक्स-रेचं वर्णन. कॉब कोन, म्हणजे बाकाच्या दोन टोकांच्या मणक्यांमधला एक्स-रेवर मोजलेला कोन, १९४८ पासून वापरात आहे आणि आजही निदान त्यावरच उभं आहे: १० अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस. पण नुसतं ‘कॉब ३०’ हे अर्धं वाक्य झालं. त्याच्याबरोबर चार गोष्टी लागतात: वरचा व खालचा टोकाचा मणका, शिखर, मूल उभं होतं की आडवं, आणि ब्रेस (बाक वाढू नये म्हणून घालायचं जाकीट) काढलेला होता की अंगावर.

आडवं झोपून घेतलेल्या फिल्ममध्ये बाक कमी दिसतो. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेकदा १४×१७ इंची कॅसेटच असते. पूर्ण कणा एका फिल्मवर मावत नाही, मग छाती वेगळी, कंबर वेगळी, आणि कधी एक उभ्याने तर एक आडव्याने. अशा दोन फिल्मांवर पसरलेल्या बाकाचा कोन नोंदवताना ‘दोन तुकड्यांत’ अशी खूण. १४×३६ इंची लांब फिल्म किंवा जोडलेली डिजिटल प्रतिमा ज्या भेटीत मिळेल ती तुलनेची आधारभेट.

मागच्या आणि आजच्या कोनात ५ अंशांपर्यंतचा फरक मोजणीतलाच असू शकतो. वेगळे टोकाचे मणके धरले तर तो आणखी वाढतो. ‘बाक वाढला’ हे वाक्य कोडरने कोनांच्या वजाबाकीवरून लिहायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फिल्मचा फोटो तिरका काढलेला असला की कोनही तिरकाच येतो. त्यावरून मोजमाप घ्यायचं नाही, मूळ फिल्म मागायची.

स्कोलिओमीटरचा आकडा वेगळ्या रकान्यात. मूल पुढे वाकल्यावर पाठीचा कल किती फिरलाय, तो आकडा म्हणजे कॉब नव्हे. ७ अंश कल म्हणजे संदर्भित करण्याजोगं. कॉब ७ म्हणजे स्कोलिओसिसच नाही. जुन्या वह्यांत दोन्ही आकडे एकाच ओळीत ‘अँगल’ म्हणून आलेत. कॉबच्या रकान्यात १० पेक्षा कमी आकडा आला की प्रणाली आता लाल करते.

रिसरही (कंबरेच्या हाडावरून हाडांची वाढ किती झाली ते सांगणारा टप्पा) लिहून घ्यायचा, ० ते ५. मात्र अमेरिकी आणि फ्रेंच पद्धतीत मधले टप्पे वेगळे धरतात, म्हणून कुठली पद्धत ते एका अक्षरात. मुलींच्या बाबतीत पाळी सुरू झाल्याचा महिना-वर्ष. हा प्रश्न सिस्टरांनी आईला बाजूला घेऊन विचारायचा, ओपीडीच्या रांगेत नाही. ‘विचारलं नाही’ आणि ‘सुरू झालेली नाही’ हे दोन वेगळे पर्याय ठेवलेत. आधी एकच रिकामी चौकट होती आणि तिचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावत होता.

२२ जुलै

कारण. इथे एम४१ च्या बाहेर जावं लागतं.

जन्मजात म्हणजे लहान वयात दिसलेला, असं समजून सगळी बाळं क्यू कोडात (जन्मजात दोषांच्या) टाकायची सवय मोडायची. हाडाच्या रचनेतच दोष असेल, अर्धा मणका किंवा न सुटलेले मणके, आणि त्यामुळे बाक असेल तर क्यू७६.३. अर्धा मणका आहे पण बाक नाही, तर क्यू७६.४. जन्मजात बाक एवढंच लिहिलंय, हाडाबद्दल काही नाही, किंवा गर्भातल्या स्थितीमुळे आलेला बाक आहे, तर क्यू६७.५. आणि दोन वर्षांच्या बाळाचा एक्स-रे स्वच्छ आहे, हाडं नीट आहेत, तर एम४१.०. एम४१ खाली जन्मजात प्रकार स्पष्टपणे वगळलेले आहेत, म्हणून एकाच बाकाला एम४१ आणि क्यू७६.३ दोन्ही लावायचे नाहीत.

हाडाच्या दोषाबरोबर मूत्रपिंड, हृदय आणि मज्जारज्जूतले दोष येतात. सोनोग्राफी, टूडी इको आणि एमआरआयचे अहवाल फाइलमध्ये असतात, पण कोड एकट्या मणक्याचा लागतो. एकच किडनी असेल तर क्यू६०.०, मज्जारज्जू दुभंगलेला असेल तर क्यू०६.२, हे जोडीने जायला हवेत. पुढच्या भूलतज्ज्ञाला कोडपेक्षा ही ओळ वाचायची असते.

स्नायू-मज्जासंस्थेचा बाक एम४१.४, आणि मूळ आजार सोबत: सेरेब्रल पाल्सी जी८०, स्नायूंचा ऱ्हास जी७१.०, पाठीच्या स्नायूंचा आनुवंशिक ऱ्हास जी१२, पोलिओचे परिणाम बी९१. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचा एक्स-रे बसून घेतलेला असतो, तेव्हा ‘उभं/आडवं’ या जोडीत ‘बसून’ वाढवलं. न्यूरोफायब्रोमॅटोसिस (क्यू८५.०) किंवा मार्फान (क्यू८७.४) असा आनुवंशिक आजार असेल तर बाक एम४१.५. एम्पायेमानंतर (फुफ्फुसाभोवती पू साठल्यावर) बरगड्या आखडून आलेला एम४१.३. किरणोपचारानंतरचा एम९६.५, तो एम४१ मध्ये नाही.

आपल्याकडे एक प्रकार विसरून चालत नाही: मणक्याचा क्षयरोग. ‘पाठीला कुबड’ एवढीच तक्रार लिहिली असली की हात आपोआप एम४१ किंवा एम४० (कुबडाचा कोड) कडे जातो. ताप, वजन घटणं, रात्रीचं दुखणं, एका जागी टोक आलेला मणका असं काही लिहिलेलं असेल आणि डॉक्टरांचं निदान क्षयाचं असेल, तर ए१८.० आणि त्याच्या जोडीला एम४९.०. उपचार पूर्ण होऊन नुसता बाक उरला असेल तर परिणामांचा बी९०.२ सोबत येतो. दुखणाऱ्या पाठीला ‘इडिओपॅथिक’ लिहिण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारायचं. इडिओपॅथिक बाक फार दुखत नाही.

इडिओपॅथिक म्हणून नोंदलेल्या मुलीच्या एमआरआयमध्ये सिरिंक्स (मज्जारज्जूत पाण्याची पोकळी, जी९५.०) किंवा कियारी (लहान मेंदूचा भाग मानेत उतरणं, क्यू०७.०) निघाला तर त्या तारखेपासून इडिओपॅथिक कोड थांबवायचा. पुढे एम४१.४ की एम४१.५ हे डॉक्टरांच्या लेखी निष्कर्षावर. जुनी ओळ खोडायची नाही. त्या दिवशी जे माहीत होतं ते तसंच राहील, नवी ओळ नव्या तारखेने येईल.

५ ऑगस्ट

शाळेच्या चिठ्ठ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. पण कार्यक्रमाच्या ३० ठरावीक आजारांत स्कोलिओसिस नाही. वाकडा पाय आहे, जन्मजात निखळलेला खुबा आहे, मज्जानलिकेचे दोष आहेत. त्यामुळे पाठीचा बाक दिसला तरी तो शेऱ्यात जातो, चौकटीत नाही. शेरा कधी ‘पोश्चर’, कधी ‘खांदा खाली’, कधी नुसतं ‘ऑर्थो’. पथकाचा दोष काढण्यात अर्थ नाही, तक्त्यात जागाच नाही.

चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाला लगेच एम४१.९ (प्रकार नमूद नसलेला स्कोलिओसिस) लावायचा नाही. नुसती तपासणी झाली, काही निघालं नाही: झेड१३.८ (सीएममध्ये झेड१३.८२८). संशय होता, एक्स-रे काढला, बाक नाही: झेड०३.८. एक पाय आखूड असल्याने कंबर तिरकी दिसतेय आणि बसल्यावर कणा सरळ होतो: बाक नाही, पायांच्या लांबीतला फरक, एम२१.७. नुसती वाकून बसायची सवय: आर२९.३.

एम४१.९ हा कोड आळसाचा आहे असं नाही, पण तो आला की आमच्याकडे कारण लिहावं लागतं. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: एक्स-रे आहे, वाचलेला नाही.

२१ ऑगस्ट

देवनागरी आकड्यांत टाइप केलेले कोन (३२°) संगणक संख्या मानत नाही आणि गाळणीतून ते निसटतात. साठवतानाच इंग्रजी आकड्यांत बदल, अंशाचं चिन्ह काढलं. आभा (डिजिटल आरोग्य खातं) क्रमांक १४ अंकी, एक्सेल तो घातांकात दाखवतं. रकाना मजकूर म्हणून ठेवला. तारखा आधी दिवस मग महिना. एका संगणकाची सेटिंग अमेरिकी होती, ५ ऑगस्टचा ८ मे झाला असता.

९ सप्टेंबर

ब्रेसच्या भेटी. ब्रेस बसवायला किंवा दुरुस्त करायला आलेल्या भेटीचा मुख्य कोड झेड४६.७, बाकाचा कोड दुसरा. सीएममध्ये झेड४६.८९.

ब्रेसची नोंद ‘बेल्ट दिला’ एवढ्यावर संपते, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच गळते. लागतं ते असं: ब्रेसचा प्रकार, किती तास सांगितला, प्रत्यक्षात किती घातला, आणि ब्रेस अंगावर असताना एक्स-रेत कोन किती उरला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेसच्या चाचणीत (BrAIST) ब्रेस घेतलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीखाली ४८ टक्के. दिवसाला किमान १८ तास सांगितले होते, आणि सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांवर होतं. म्हणजे तास हा शेरा नाही, तो उपचाराचा डोस आहे. औषधाची मात्रा आपण लिहितो, तसे तास लिहायचे.

मराठवाड्याच्या मे महिन्यात प्लास्टिकचं जाकीट अंगावर ठेवणं सोपं नाही. म्हणून ‘घालत नाही’ असा रकाना ठेवला नाही, ‘कमी घालण्याचं कारण’ ठेवला: उकाडा, कातडी सोलली, घट्ट झाला, शाळेत चिडवतात, दुरुस्तीला जायला पैसे नाहीत. घट्ट झाला असेल तर तो वाढीचा पुरावा आहे, त्याच भेटीत उंची मोजायची. कातडी सोललेली असेल तर जागा लिहायची, कारण तिथे दाब चुकीचा पडतोय हे ब्रेस बनवणाऱ्याला त्यावरूनच कळतं.

१८ सप्टेंबर

शस्त्रक्रियेच्या फायली. इथल्या मुलांची शस्त्रक्रिया बहुधा पुणे, मुंबई किंवा हैदराबादला होते. परत येतं ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर वरचा आणि खालचा जोडलेला मणका नसेल तर पुढचं काहीही जमत नाही. मूळ रुग्णालयाकडून ऑपरेशन नोट मागायची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, पण अर्ज पालकाच्या सहीचा हवा. स्क्रू-रॉडच्या स्टिकरचं पान वेगळं मागायचं, धातू आणि लॉट क्रमांक तिथेच असतो.

अमेरिकी सीपीटी (शस्त्रक्रिया-उपचारांचे कोड) आपल्या रुग्णालयाला लागत नाही, पण शिकणाऱ्या मुलांसाठी त्याचा एक सराव घेतला, कारण मोजणीचा दोष तिथे उघडा पडतो. बाकासाठी मागून केलेली जोडणी: ६ मणक्यांपर्यंत २२८००, ७ ते १२ मणके २२८०२, १३ किंवा जास्त २२८०४. मणके मोजायचे, त्यांच्यातल्या फटी नाही. टी३ ते एल३ म्हणजे छातीचे १० आणि कंबरेचे ३, एकूण १३ मणके: २२८०४. फटी मोजल्या तर १२ भरतात आणि कोड २२८०२ होतो. रॉड-स्क्रूच्या जोडकोडलाही तीच मोजणी, ३ ते ६ मणके २२८४२, ७ ते १२ मणके २२८४३, १३ पासून २२८४४. बोटावर मोजताना टी१२ नंतर एल१ ला पुन्हा ‘एक’ म्हणायची सवय घातक.

शस्त्रक्रियेनंतरच्या भेटी: सीएममध्ये स्कोलिओसिस शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीला स्वतंत्र कोड आहे, झेड४७.८२. डब्ल्यूएचओत झेड४७.८. कणा जोडलेला आहे ही स्थिती दोन्हीकडे झेड९८.१. रॉड तुटला तर डब्ल्यूएचओत टी८४.२, सीएममध्ये मोडलेल्यासाठी टी८४.२१६ आणि सरकलेल्यासाठी टी८४.२२६, सातव्या अक्षरासह. वाढत्या रॉडच्या मुलांत प्रत्येक लांबवणीची तारीख आणि किती मिलिमीटर, हे ओळीने.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजचा कोड हा उपचाराचा कोड आहे. त्यावरून निदान मागे चालत जाऊन भरायचं नाही. पूर्वपरवानगीचं निदान, एक्स-रेचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड या तिघांत फरक राहिला की क्वेरी येते.

६ ऑक्टोबर

फॉलोअप. वाढीच्या वयात ४ ते ६ महिन्यांनी एक्स-रे हवा. बीडकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परततात. त्या मुलांना ‘तीन महिन्यांनी या’ लिहिणं म्हणजे तारीख वाया घालवणं. आता पुढची तारीख देताना ‘कुटुंब कोयत्यावर जातं का’ विचारून, जाण्याआधी एक आणि परतल्यावर एक भेट लावली जाते. दिवाळीआधीच्या भेटीत फिल्मची प्रत आणि एका पानाचा सारांश आईच्या हातात: शिखर, कोन, टोकाचे मणके, ब्रेसचे तास. कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात दाखवायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

भेट चुकली तर ‘आला नाही’ नव्हे, ‘हंगामात बाहेर’. हे वेगळं मोजलं नाही तर ब्रेस सोडून दिलेली मुलं आणि गावाबाहेर असलेली मुलं एकाच ढिगात जातात.

कागद किती वर्षं ठेवायचे? २००२ च्या नियमावलीत उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं आहेत. पाचव्या वर्षी सापडलेल्या बाकाला ते अपुरं आहे. या नोंदसंचातल्या फायली हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत रद्दीत जाणार नाहीत, अशी पाटी रेकॉर्ड रूमच्या कपाटावर लावली.

पाठीचे फोटो: पालकाची लेखी संमती, चेहरा नाही, फाइलच्या नावात मुलाचं नाव नाही. मुलींच्या फोटोला सिस्टर हजर हव्यात. डॉक्टरांच्या खासगी मोबाइलवर राहिलेले फोटो नोंदसंचात धरत नाही.

१४ ऑक्टोबर

सगळ्या प्रकारांतून निवडलेली प्रत्येक फाइल दोन कोडरांनी एकमेकांचं न बघता कोड केली. मतभेद कोडच्या पुस्तकावरून फारसे झालेच नाहीत. झाले ते शिखर लिहिलेलं नसलेल्या फायलींवर, आणि दोन बाकांपैकी दुसरा भरपाईचा की रचनात्मक यावर. दोन्ही ठिकाणी कोडरने कितीही वाचलं तरी उत्तर कागदात नव्हतं. म्हणून शंका-चिठ्ठीचा मसुदा बदलला. आधी ‘कृपया निदान स्पष्ट करावे’ असं होतं, त्यावर डॉक्टर पुन्हा ‘स्कोलिओसिस’ एवढंच लिहून परत पाठवायचे. आता विचारायचं ते थेट: शिखराचा मणका कोणता? खालचा बाक वाकवल्यावर किती अंश उरतो? उत्तर एका शब्दाचं, त्यामुळे ओपीडी चालू असतानाही मिळतं. ‘हा बाक किशोरवयीन इडिओपॅथिक आहे ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न मात्र चिठ्ठीत चालणार नाही.

४ नोव्हेंबर

केसपेपरवर मारायचा रबरी शिक्का पक्का झाला. त्यात रकाने: निदानाच्या वेळचं वय, कारण (इडिओपॅथिक, हाडाचा दोष, स्नायू-मज्जासंस्था, सिंड्रोम, इतर), शिखर, टोकाचे मणके, फुगीर बाजू, कॉब, उभं, बसून की आडवं, ब्रेस अंगावर होता का, रिसर. कोडसाठी जागा मुद्दाम ठेवली नाही. तो रेकॉर्ड विभाग लावेल, डॉक्टरांनी वरचं भरावं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पालक कोड लिहिलेला कागद मागतात. तिथे कोड पुरत नाही. मंडळ स्वतः तपासून टक्केवारी ठरवतं, सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. सोबत द्यायची ती तारखेसह उभ्याने घेतलेली फिल्म आणि कॉबचा अहवाल.

आयसीडी-११ मध्ये स्कोलिओसिस एफए७०.१ वर आहे. आताच्या नोंदी कोडवरून कोडवर ढकलत नेण्यापेक्षा शिक्क्यातल्या रकान्यांवरून नव्याने कोड करणं सोपं जाईल, म्हणून ते रकाने नोंदसंचात स्वतंत्रच ठेवलेत, एका वाक्यात जोडलेले नाहीत.

बाकी कामं: शिखर नसलेल्या जुन्या फायलींच्या फिल्मा अस्थिरोग विभागाकडे पुन्हा वाचायला, एक्स-रे विभागासाठी ‘उभं / बसून / आडवं’ असा शिशाचा मार्कर, फिल्मवरच उमटणारा, लातूरहून बनवून आणायचा आहे.